तांबेऱ्याला गुण देताना

सोयाबीनचं पान हातात घ्यायचं, उलटं करायचं, खालच्या बाजूचे तपकिरी फोड बघायचे आणि पानाचा किती टक्के भाग रोगट आहे ते अंदाजानं ठरवायचं. तांबेरा हा बुरशीजन्य रोग आजही बहुतेक ठिकाणी असाच मोजला जातो. त्यासाठी मायी आणि दातार यांनी १९८६ साली मांडलेली शून्य ते नऊची श्रेणी आपल्याकडे सर्रास वापरतात. एक टक्क्यापर्यंत भाग रोगट असेल तर १, दहा टक्क्यांपर्यंत ३, अकरा ते पंचवीसला ५, सव्वीस ते पन्नासला ७ आणि त्यापुढे ९. श्रेणी साधी आहे, शेतात उभं राहून पटापट वापरता येते, आणि म्हणूनच ती टिकली. अडचण सीमेवरच्या पानांची. दहा टक्के आणि अकरा टक्के यांतला फरक कुणाच्याच डोळ्याला दिसत नाही, पण कागदावर एकाला ३ मिळतात आणि दुसऱ्याला ५.

हिशेब करून पाहिला की हा फरक किती मोठा आहे ते कळतं. रोगनिर्देशांक म्हणजे मिळालेले गुण जास्तीत जास्त शक्य गुणांच्या किती टक्के आहेत तो आकडा. प्लॉटमधल्या सगळ्या पानांना ३ दिले तर तो ३३.३ येतो, सगळ्यांना ५ दिले तर ५५.६. म्हणजे दहातल्या दोन सीमेवरच्या पानांना ५ ऐवजी ३ दिले, तरी निर्देशांक साडेचारच्या आसपास खाली येतो. एवढ्या फरकावर एखादी ट्रीटमेंट, म्हणजे तपासायची फवारणी, ‘सिग्निफिकंट’ (फरक निव्वळ योगायोगाचा नाही अशी) ठरू शकते किंवा पडू शकते. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. प्रत्येक पान प्रामाणिकपणे पाहिलेलं असतं. फक्त सीमेवरचं पान कुठल्या बाजूला ढकलायचं, हे बघणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेनं ठरवलेलं असतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. करताना माझ्या वाट्याला नेमका हाच विषय आला. कृष्णाकाठी, म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूरच्या पट्ट्यात, १९९४ पासून तांबेऱ्यानं सोयाबीनची पुन्हा पुन्हा वाट लावली आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट, थंड हवेत बीजाणू वाऱ्यावर येतात आणि बघता बघता शेत करपल्यासारखं दिसतं. आमच्या विभागात बॅसिलस जिवाणूची एक टाल्क पावडर तयार झाली होती. ती तांबेऱ्यावर चालते का, हे मला तपासायचं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या पावडरीवर उमेदीची वर्षं घातली होती. आमच्या घरचंही सोयाबीन आहे, त्यामुळे स्वस्त आणि निर्धोक असं काही मिळावं ही माझी स्वतःची इच्छा होती. विभागाच्या शेतावर काम करणाऱ्या मामांपासून विभागप्रमुखांपर्यंत, पावडर हरावी असं वाटणारं तिथे कुणीच नव्हतं.

हे सगळं मी संख्याशास्त्राच्या मॅडमना पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग चाचणी अशी आख, की तुमच्या इच्छेला शिरायला फटच राहणार नाही. इच्छा सोडून द्या असं मी म्हणत नाही, ते जमत नसतं.” दहावीची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नाव दिसू देत नाहीत, ते परीक्षक लबाड असतात म्हणून नव्हे. पुढचं सगळं काम आम्ही त्याच तत्त्वावर उभं केलं.

सुरुवात वाचनापासून झाली. जैविक बुरशीनाशकांवरचे छापील शोधनिबंध गोळा केले, तर जवळपास सगळीकडे यशच यश. मॅडम म्हणाल्या, कृषिकोशवर जा. देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. प्रबंध निकाल कसाही आला तरी सादर करावाच लागतो, शोधनिबंधाचं तसं नाही. आणि खरंच, लेखांत क्वचित दिसणारी ‘एनएस’ (नॉन-सिग्निफिकंट) ही अक्षरं तिथल्या तक्त्यांमध्ये वारंवार भेटली. नकारात्मक निकाल कपाटात पडून राहतात, ही तक्रार रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ साली मानसशास्त्राबद्दल केली होती. शेतीत ती तितकीच लागू आहे. जुने प्रबंध वाचल्यामुळे माझ्या अपेक्षा जमिनीवर आल्या, आणि किती मोठा फरक शोधायचा आहे याचा अंदाज वास्तवाला धरून करता आला. किती रिप्लिकेशन घ्यायची, म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट किती प्लॉटवर पुन्हा करायची, ते या अंदाजावर ठरतं, त्यामुळे वाचनातला पक्षपात थेट शेतात उतरतो.

वाण जेएस ३३५ घेतला, कारण तो तांबेऱ्याला बळी पडतो. ट्रीटमेंट पाच ठरवल्या: नुसतं पाणी, जिवाणू नसलेली नुसती टाल्क, बॅसिलसची पावडर, हेक्झाकोनॅझोल हे रासायनिक बुरशीनाशक (५ टक्के ईसी, लिटरला १ मिली), आणि पाचवी, एक फवारणी बॅसिलसची आणि एक हेक्झाकोनॅझोलची. सहा रिप्लिकेशन, एकूण तीस प्लॉट. शेताचा उतार ओढ्याकडे होता, खालच्या अंगाला ओल धरून राहायची आणि तिथे रोग आधी यायचा. म्हणून प्रत्येक रिप्लिकेशनच्या पाच प्लॉटचा गट उताराला आडवा पडेल असा आखला, म्हणजे एका गटातल्या पाचही प्लॉटना सारखीच ओल मिळावी. गटाच्या आत कुठला प्लॉट कुठल्या ट्रीटमेंटला द्यायचा ते संगणकानं काढलेल्या यादृच्छिक क्रमानं ठरलं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर हे तंत्र शंभर वर्षांपूर्वी रुजवलं, आणि आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थी ते बी.एस्सी.पासून शिकतो. पण तीस प्लॉटचा नकाशा एकदा काढला की तो विभागाच्या भिंतीवर लागतो आणि सगळ्यांना पाठ होतो. वाटप यादृच्छिक झालेलं असतं, गुण देणाऱ्याला मात्र सगळं ठाऊक असतं. निम्मंच काम झालेलं असतं.

आमचा नकाशा भिंतीवर लागला नाही. तो मॅडमच्या कपाटात गेला. फवारणीचं द्रावण त्यांची सहायक प्रयोगशाळेत तयार करायची आणि प्लॉट क्रमांक लिहिलेल्या कॅनमध्ये भरून द्यायची. मामांनी कॅनवरचा आकडा आणि खुंटीवरचा आकडा जुळवायचा आणि पंप पाठीला लावायचा.

नुसत्या टाल्कची ट्रीटमेंट का घ्यावी लागली, ते मामांमुळेच सगळ्यांना पटलं. आदल्या उन्हाळ्यात थोड्या झाडांवर सराव करताना त्यांनी लांबूनच सांगितलं होतं, “ताई, पानावर पांढरं बसलंय न्हवं, ते पावडरचं. न सांगता कळतंय की.” बरोबर होतं त्यांचं. टाल्कचा थर पानावर दिसतो. पाण्याच्या जोडीला फक्त पावडर ठेवली असती तर आकडे लपवून काही उपयोग नव्हता, पान स्वतःच बोललं असतं. नुसती टाल्क मारल्यावर पांढरं पान म्हणजे जिवाणूचं पान, हे समीकरण तुटलं. शिवाय टाल्कच्या थराचाच काही परिणाम होतो का, तेही वेगळं कळणार होतं.

हेक्झाकोनॅझोलनं दुसरा पेच टाकला. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं झाडाच्या वाढीवरही परिणाम करतात: पेरं आखूड राहतात, पान जास्त गडद हिरवं होतं. शेतात नजर टाकली की ते प्लॉट उठून दिसतात. बुरशीनाशक मारलेलं पान म्हणजे निरोगी पान, ही खूणगाठ मनात पक्की असेल तर अशा पानावरचे फोड डोळा कमीच मोजणार. यावर उपाय एकच होता, शेतात उभं राहून गुण द्यायचेच नाहीत. पानं तोडून कोड घातलेल्या पाकिटांतून प्रयोगशाळेत आणायची, खालची बाजू स्कॅनरवर ठेवून प्रतिमा घ्यायची, आणि सगळ्या प्रतिमा कृष्णधवल करून, क्रम पार मिसळून पडद्यावर बघायच्या. कृष्णधवलमध्ये हिरव्याची गडद छटा पूर्ण पुसली जात नाही, पण शेजारी दुसऱ्या प्लॉटचं पान नसल्यावर तुलनाच होत नाही, आणि फोड मात्र स्पष्ट दिसतात.

मग संगणकालाच मोजू द्यावं, असं समितीतल्या एका सरांनी सुचवलं. आम्ही तेही करून पाहिलं. सोयाबीनच्या पानावर जिवाणूजन्य फोडही येतात, ते पहिल्या नजरेत तांबेऱ्यासारखेच दिसतात, आणि आमच्याकडच्या साध्या प्रोग्रामला दोन्ही सारखेच डाग. शिकलेला डोळा भिंगाखाली ते वेगळे ओळखतो. डोळा हवाच होता. फक्त त्याच्यापासून प्लॉटची ओळख लांब ठेवायची होती.

डोळ्याच्या स्वतःच्या खोडीही असतात आणि त्यांचा अपेक्षेशी संबंध नसतो. खूप बारीक बारीक डाग असले की माणूस क्षेत्रफळ जास्त धरतो, मोजके मोठे डाग असले की तितकं धरत नाही. टक्केवारी सांगताना पाच-दहाच्या पटीतच आकडे तोंडात येतात. त्यामुळे गुण द्यायच्या आधी आम्ही तिघांनी क्षेत्रफळ मोजून ठेवलेल्या पानांच्या चित्रांवर सराव केला. मग खऱ्या प्रतिमांमध्ये काही प्रतिमा नवं नाव देऊन पुन्हा मिसळल्या, म्हणजे तोच माणूस त्याच पानाला दोनदा सारखे गुण देतो का ते तपासता यावं. तिघांचा एकमेकांशी मेळ किती आहे ते कोहेनच्या कॅपानं, म्हणजे योगायोगानं जुळणारे गुण वजा करून मेळ मोजणाऱ्या आकड्यानं, पाहिलं. सुरुवातीचा आकडा समाधानकारक नव्हता. कुठली पानं वादाची आहेत ती बाजूला काढून, पुन्हा चर्चा आणि सराव करून मगच खरं काम सुरू झालं.

पान कुठलं तोडायचं, हा प्रश्न गुणांइतकाच नाजूक आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तांबेरा खालच्या पानांपासून वर चढतो. तोडणाऱ्याचा हात एक पेर वर गेला की रोग कमी दिसतो. बांधाजवळचं, हाताशी येणारं झाड आपसूक निवडलं जातं, आणि ते बहुतेक वेळा हवेशीर, निरोगी असतं. म्हणून ओळ कितवी आणि त्या ओळीत झाड कितवं, हे यादृच्छिक आकड्यांवरून आधीच छापून घेतलं. पान शेंड्याकडून मोजून ठरलेल्या पेरावरचंच. मामा आणि दोन मावश्या ही यादी घेऊन फिरायच्या. मावशींना आधी हे विचित्र वाटलं, चांगलं झाड शेजारी उभं असताना मरतुकड्याचं पान का तोडायचं म्हणून. फिशर यांनी १९३६ साली मेंडेलचे वाटाण्याचे आकडे तपासले तेव्हा ते अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात असं त्यांना आढळलं, आणि काय हवंय ते ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाचा त्यात हात असावा, असं त्यांनी सुचवलं. तो तर्क खरा की खोटा यावर पुढे खूप वाद झाला. पण साहेबांना काय आवडेल हे शेतावरच्या माणसाला न सांगता कळतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मावशी चांगलं झाड दाखवायच्या ते मायेनं, आपल्या विभागाचं भलं व्हावं म्हणून.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे होती, आणि माझ्या मते संपूर्ण कामात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच होतं. तांबेरा जोरात आला की पानं गळतात. गळलेलं पान तोडता येत नाही, त्याला गुण मिळत नाहीत. म्हणजे ज्या प्लॉटची दशा सगळ्यात वाईट, त्याची सगळ्यात रोगट पानं मोजणीतून आपोआप बाद होतात. मागे उरलेली पानं त्यातल्या त्यात बरी असतात. पाण्याच्या प्लॉटचा निर्देशांक त्यामुळे खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि चांगल्या औषधाचं श्रेय झाकलं जातं. पक्षपात नेहमी आपल्याला हवं त्याच बाजूला झुकतो असं नाही. इथे तो आमच्या पावडरीच्याही विरुद्ध जाऊ शकत होता. हे लक्षात आलं तसं सगळ्यांचं मत पडलं की गळलेल्या प्रत्येक पानाला सरळ ९ द्यावेत. पण पक्व व्हायला लागलं की निरोगी सोयाबीनही पानं टाकतं. मग शेंगेत दाणा पूर्ण भरायच्या आधी रिकामं झालेलं पेर असेल तर ९, त्यानंतर गळलेलं पान मोजायचं नाही, आणि गळतीची टक्केवारी वेगळ्या तक्त्यात, असा नियम केला. नियम बरोबरच होता असा माझा दावा नाही. तो पहिली फवारणी होण्याआधी लिहिला गेला, हे महत्त्वाचं. आकडे हाती आल्यावर तोच नियम केला असता, तर त्यामागचं कारण कितीही शास्त्रीय असलं तरी कुणी विश्वास ठेवू नये.

तसंच बाकीचंही लिहून ठेवलं. तांबेऱ्याची नोंद अनेक तारखांना होणार होती. त्यातली सोयीची तारीख नंतर निवडता येऊ नये म्हणून सगळ्या नोंदींवरून काढलेलं रोगवाढीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे हंगामभरच्या रोगाची एकत्रित बेरीज, हेच मुख्य माप. पाणी साचून एखादा प्लॉट गेला तर तो कधी वगळायचा, याचा निकष झाडांच्या संख्येवर. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, सगळेच विद्यार्थी देतात, पण त्यात विश्लेषणाबद्दल ‘प्रचलित पद्धतीने’ एवढंच असतं. आम्ही त्याला चार पानं जोडली आणि सल्लागार समितीच्या सह्या घेतल्या. खरंच एक प्लॉट ओढ्याच्या बाजूला बुडाला. तो कुठल्या ट्रीटमेंटचा आहे हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून वगळायचा की नाही यावर वाद झाला नाही. निकष लावला, प्लॉट बाद झाला.

पिकाच्या उताऱ्याच्या बाबतीत आम्हाला सुखात्मे आठवले. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. चाळीसच्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक कापणीच्या प्लॉटचा आकार हा विषय लावून धरला. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कापणीचा प्लॉट जितका छोटा, तितका एकरी उतारा फुगलेला येतो. कारण साधं आहे. दोरीच्या रेषेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा बहुधा ते आत घेतो. छोट्या प्लॉटला क्षेत्रफळाच्या मानानं कडा जास्त, म्हणून चूकही जास्त. लाखो झाडांचा हिशेब एका दोरीपाशी कसा बिघडतो हे त्या माणसानं ऐंशी वर्षांपूर्वी दाखवलं, आणि तो आपल्या मातीतला होता याचा मला मनापासून अभिमान आहे. आम्ही नेट प्लॉट, म्हणजे उतारा मोजायचा आतला भाग, शक्य तेवढा मोठा ठेवला, बॉर्डरच्या ओळी आधी कापून बाहेर काढल्या आणि मगच आतलं पीक कापलं, म्हणजे रेषेवरचं झाड उरलंच नाही. मळणी, वजन, दाण्यातला ओलावा, सगळं कोडवर.

एक तुलना आम्ही मुद्दाम आखली होती. त्याच पानांना शेतात, ट्रीटमेंटची नावं उघड असलेल्या दुसऱ्या नकाशावरून, विभागातल्या दोन अनुभवी सहकाऱ्यांनी नेहमीसारखे गुण दिले. त्यांचा कोडवाल्या गुणांशी संबंध येऊ दिला नाही. दोघांनीही आनंदानं होकार दिला. आपला डोळा किती खरा आहे ते बघायला मिळेल, असं त्यांना वाटलं.

विश्लेषण ट्रीटमेंटची नावं झाकून अ, ब, क, ड, इ या अक्षरांवर झालं. कोण कोण आहे हे उघडण्याआधी मॅडमनी आम्हाला बसवून लिहायला लावलं: ‘क’ बॅसिलस निघाली तर काय म्हणाल, पाणी निघाली तर काय म्हणाल. हे काम कंटाळवाणं वाटलं, पण त्यातून एक दिसलं. एकाच आकड्याला आम्ही पावडरसाठी ‘उत्साहवर्धक’ म्हणत होतो आणि पाण्यासाठी ‘नैसर्गिक चढउतार’. दोन्ही वाक्यं खोडून फक्त आकडा आणि सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक खरा मानायला लागणारी किमान तफावत) ठेवली.

लिफाफा उघडला. हेक्झाकोनॅझोल दोन्ही पद्धतींत स्पष्टपणे पुढे होतं. बॅसिलसची पावडर उघड गुणांमध्ये पाण्यापेक्षा सरस होती, कोडवाल्या गुणांमध्ये तो फरक आक्रसला आणि सी.डी.च्या आत आला. नुसत्या टाल्कपेक्षा ती वेगळी ठरली नाही. आलटून पालटून फवारणीची ट्रीटमेंट हेक्झाकोनॅझोलच्या जवळ राहिली, पण त्यातला किती वाटा जिवाणूचा हे या रचनेतून सांगता येत नव्हतं, आणि आम्ही तसं लिहिलं.

सर बराच वेळ तक्ता बघत होते. मग म्हणाले, “दोन्ही गुण प्रबंधात घाल. शेजारी शेजारी. लोकांना बघू दे.” विभागाच्या पावडरीबद्दल हे म्हणणं त्यांना सोपं नव्हतं. माझा त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी वाढला. उघड गुण देणाऱ्या दोघांपैकी एकानं मला नंतर आपली जुनी नोंदवही आणून दिली आणि सीमेवरची पानं आपण कशी सोडवत आलो यावर तासभर बोलत बसले.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, एवढा खटाटोप प्रत्येक विद्यार्थ्याला परवडेल का? मी त्यांना खर्च सांगितला: स्कॅनर विभागात होताच, पाकिटं आणि लेबलं किरकोळ, जास्तीचा खर्च फक्त वेळेचा. त्यातलं बरंच सोडलं तरी चालेल, पण द्रावण एकानं करायचं आणि गुण दुसऱ्यानं द्यायचे, एवढं कुठल्याही विभागाला उद्यापासून जमेल. ते म्हणाले, मनुष्यबळ कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे. रिक्त जागांमुळे एकच माणूस पेरतो, फवारतो, मोजतो आणि लिहितो, अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे, आणि तिथे कोड घालायला दुसरा माणूस शेजारच्या विभागातूनच मागून आणावा लागेल.

पावडरवर या हंगामात पुन्हा काम चालू आहे. या वेळी रोग दिसण्याआधी फवारणी सुरू केली आहे, कारण जिवाणू आधी पानावर बसलेले असतील तर वेगळं चित्र दिसू शकतं, आणि ही कल्पना निकालानंतर सुचली असल्यामुळे तिला नव्या चाचणीतच तपासायला हवं. प्लॉटमधलं अंतर वाढवलं आहे, पाण्याच्या प्लॉटवरून उडणारे बीजाणू शेजाऱ्याचे आकडे बिघडवतात म्हणून. गळलेल्या पानांचा नियमही बदलला: आता प्रत्येक झाडाच्या पेरांना सुरुवातीलाच दोरा बांधून खूण केली आहे, पान कुठल्या तारखेला गळलं त्याची नोंद होते, आणि ९ द्यायचे की नाही हे त्याच पेरावरच्या आदल्या स्कॅनमधल्या श्रेणीवरून ठरतं.